तीन न

कार्ताहेनाच्या बंदरामागे, जाळी वाळत घातलेल्या गल्लीत
हिनेस छापखान्यात खिळे जुळवायचा.
अठराशे त्र्याहत्तर. उन्हाळा.
माद्रिदच्या वर्तमानपत्रांनी शिवी म्हणून धाडलेला शब्द
त्याने उलटा धरून वाचला, खिळे वाचतात तसा:
इन्त्रान्सिहेन्ते.

त्रान्सिहिर म्हणजे थोडं तू सोड, थोडं मी सोडतो.
बाजारात चालतं ते, अंथरुणातही.
आधी 'इन' लागला की आतून कडी.

मराठीत काय म्हणू त्याला?
ताठर म्हटलं तर नुसती मान अवघडते,
हेकेखोर म्हटलं की रस्त्यात गाढव उभं राहतं.
कडवा त्यातल्या त्यात जवळचा,
तो जिभेला आधी कळतो, डोक्याला मागाहून.
पण कडवं कवितेतही असतं,
आणि ते तर मी हवं तिथे तोडते.

हिनेसने अर्थबिर्थ दिला नाही.
थेट मथळ्यात, सगळ्यात जाड टायपात.
शब्दात तीन न. जाड खिळ्यांच्या खणात न होते चारच.
उरलेल्या एकात 'नाही' बसत होतं.
तेवढ्यावर अंक निघाला.

किल्ल्यावर लाल निशाण हवं होतं, हाती लागलं तुर्कांचं,
मधोमध पांढरी चंद्रकोर.
कुणा शिपायाने शीर कापून ती रंगवली, असं गावभर झालं.
हिनेस शपथेवर सांगायचा.
फुएन्सान्ता म्हणाली, रक्त वाळलं की तपकिरी होतं,
मी दर महिन्याला धुते.

नोव्हेंबरात तोफा सुरू झाल्या.
गोळ्यांना शिसं कमी पडलं तेव्हा
आपलेच लोक पोती घेऊन छापखान्यात आले.
अ गेले, र गेले, पसाभर स्वल्पविराम गेले.
हिनेसने तीन न खिशात टाकले.
जन्मातली पहिली चोरी,
तीही आपल्यांकडून.

जानेवारीत पीठ संपलं.
पडक्या तटाशी, काळोखात,
फुएन्सान्ताने पलीकडच्या शिपायाला कानातले दिले.
तो म्हणाला दोन पाव, ती म्हणाली तीन,
अडीचवर आले.
उरलेला अर्धा त्याने तिच्यासमोर खाल्ला, भुकेला तोही होता.
घरी हिनेसने विचारलं, कुठून आणलास?
ती म्हणाली, तुझ्या शब्दाचा पुढचा तुकडा मोड,
उरेल तिथून.
तो जेवला नाही.
ओनोफ्रे जेवला, सात वर्षांचा होता.

मग जहाज. मग ओरान.
तिथे शब्द हळूहळू घरगुती झाला.
दमटीने फुगून न लागणारं दार इन्त्रान्सिहेन्ते,
मसूर न खाणारा ओनोफ्रे,
पावसाळी सकाळी न पेटणारा कोळसा.
कोपऱ्यावरचा मासळीवाला बूझियान
हिनेसला त्याच नावाने हाक मारायचा,
कारण हा माणूस भाव एकदाच सांगे
आणि रिकामी पिशवी घेऊन मुकाट परत जाई.

एका संध्याकाळी कोटाला ठिगळ लावताना
फुएन्सान्ताला अस्तरात काही टोचलं.
तीन न, अंगठ्याने चोळून चोळून कडा गेलेले.
तिने ते गळाच्या दोरीला बांधले.
शिसं बुडतं, त्याला कुणी शिकवावं लागत नाही.

रात्री घरात मासा शिजला.
हिनेस दोन दिवस बोलला नाही.
तिसऱ्या दिवशी पुन्हा मासाच होता.
तो येऊन बसला, हात धुतले,
सावकाश खाल्लं, काटे ताटाच्या कडेला
एकेक करून ओळीत लावत गेला,
मधूनच एखादा उचलून पुन्हा उलटा ठेवत.

ओनोफ्रेने वाकून पाहिलं. काय लिहितोस?

थांब, तो म्हणाला,
न पुरत नाहीयेत.